मापनाचा वेग: आधी स्लीप काढा, केबलचं नंतर बघू

लीडवायर
मीटर, सप्लाय अशी उपकरणं संगणकावरून चालवणारी टेस्टची स्क्रिप्ट रेंगाळली की पहिली मागणी येते, "जीपीआयबी (उपकरणं संगणकाला जोडायची जुनी केबल-पद्धत) काढा, लॅन घ्या." माझं मत ठाम विरुद्ध आहे. वेळ बहुतेक वेळा तारेत जात नाही, आपल्या कमांडांत जातो. लॅन ढीगभर डेटा भराभर नेतं हे खरं, पण एकेक रीडिंग मागायचं तर दर फेरीचा उशीर भोवतो, आणि तिथे जुनं जीपीआयबी आजही तोडीस तोड आहे.

लूपमध्ये दर वेळी 'मेझर' कमांड देणारा कोड बघा. मीटर प्रत्येक फेरीत नव्याने कॉन्फिगर होतो, तुमच्या सेटिंग्ज डिफॉल्टवर जातात, वर ऑटोरेंज (मीटरने स्वतःच रेंज शोधणं) सुरू. त्यापेक्षा एकदाच कॉन्फिगर करा, रेंज पक्की करा, सॅम्पल काउंट 1000 द्या आणि मीटरच्या मेमरीतून सगळं एकदम उचला. आणि 'असू दे' म्हणून पेरलेले अर्ध्या सेकंदाचे स्लीप (कोडमधले ठरावीक थांबे) काढून ओपीसी क्वेरी ('काम संपलं का?' हा उपकरणाला प्रश्न) लावा.

स्थिरांक
स्लीपबद्दल साफ असहमत. ओपीसीचं उत्तर आलं म्हणजे उपकरणाचं काम झालं, सर्किटचं नव्हे. सप्लाय '5 व्होल्ट लावले' म्हणतो, तेव्हा बोर्डावरचा मोठा कपॅसिटर अजून भरतच असतो. अशा वेळी स्लीप उडवलेत तर चांगले बोर्ड नापास होतील.

लीडवायर
थांबायला माझी ना नाही, पण थांबायचं कुठे? विंडोजच्या टायमरचा टप्पा मुळात 15.6 मिलिसेकंदांचा, त्यामुळे 2 मिलिसेकंदांचा स्लीप कितीला संपेल याचा भरवसा नाही. हाच वेळ मीटरच्या ट्रिगर डिलेमध्ये (मापनाआधी मीटर स्वतः थांबतो तो वेळ) घाला. तिथे तो दर वेळी तेवढाच राहतो.

मिलिव्होल्ट
तुम्ही दोघं मुख्य गोष्ट सोडताय: इंटिग्रेशनचा वेळ, म्हणजे एका रीडिंगसाठी मीटर सिग्नलची सरासरी घेतो तो. तो पीएलसीत, म्हणजे मेन्स विजेच्या आवर्तनांत मोजतात. 50 हर्ट्झला 10 पीएलसी म्हणजे 200 मिलिसेकंद, ऑटोझिरो (दर रीडिंगला मीटरने स्वतःचं शून्य तपासणं) चालू असेल तर साधारण दुप्पट. तोच 0.02 पीएलसी केला की 0.4 मिलिसेकंद. बाकी सगळी काटकसर यापुढे किरकोळ.

स्थिरांक
आणि हम? 1 पीएलसीच्या खाली आलात की मेन्सची गुणगुण थेट रीडिंगमध्ये. मग सरासरी काढायला पुन्हा शंभर सॅम्पल घ्याल, म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच खर्च. ऑटोझिरो बंद केलंत तर तापमान बदलताच शून्य सरकतं.

मिलिव्होल्ट
शून्य सरकतं, मान्य. पण ऑटोझिरो 'वन्स' देता येतं ना! रेंज किंवा पीएलसी बदलला की एकदा, आणि मोठ्या टेस्टमध्ये अधूनमधून. पास-फेलची मर्यादा 5 टक्के असेल तर मायक्रोव्होल्टपर्यंतचा अचूकपणा हवा कशाला? आधी मर्यादा बघा, मग पीएलसी ठरवा.

लीडवायर
हे पटलं, पण क्रम माझाच राहील. फेऱ्या आणि ऑटोरेंज कमी केल्याने अचूकतेला धक्का लागत नाही, पीएलसी कमी केल्याने लागतो. फुकटचं आधी घ्या.

लॅनवाल्यांसाठी आणखी एक: छोट्या कमांडा तुकड्या-तुकड्यांत पाठवल्या की नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे रोखून एकत्र पाठवणारा नेटवर्कचा नियम) आणि उशिरा येणारी पोच एकमेकांची वाट बघत बसतात. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) टीसीपी नो-डिले, म्हणजे नेगल बंद करणारी सेटिंग, लावा, किंवा कमांडा जोडून एकाच ओळीत पाठवा.

स्थिरांक
मग बायनरीही धरा. आस्कीत, म्हणजे साध्या मजकुरात, एक रीडिंग पंधरा-सोळा अक्षरांचं, 32-बिट फ्लोटमध्ये 4 बाइट. मात्र साडेआठ अंकी मीटर असेल तर 64-बिटच घ्या. 32-बिटमध्ये जेमतेम सात अंक टिकतात.