पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा करार कोर्टात टिकतोय कसा?

रंकाळाकाठ_८९:
मंडळी एक विचारायचंय. माझा मामेभाऊ कॅनडात ट्रक चालवतोय, परवा फोनवर म्हणाला इथल्या मूळ लोकांना सरकार १० अब्ज डॉलर द्यायलंय, १८५० च्या करारापायी. मला वाटलं फेकतोय. शोधलं तर खरंच की! ह्युरॉन आणि सुपीरियर तलावांच्या उत्तरेची जमीन अनिशिनाबे लोकांनी दिली, बदल्यात दरवर्षी ठरावीक रक्कम, आणि जमिनीतनं उत्पन्न वाढलं तर रक्कमही वाढवायची असं लिहून घेतलेलं. १८७५ ला माणशी ४ डॉलर केले आणि तिथंच अडकलं, खाणी निघाल्या, जंगलं तुटली तरी वर्षाला ४ डॉलरच. पण इतक्या वर्षांनी दावा मुदतबाह्य कसा होत नाही? आणि पणज्यानं केलेल्या सहीचं ओझं आजच्या करदात्यानं का घ्यायचं?

भोगावतीकर:
शेवटचं उलटं धरलंयस भावा. ती मदत न्हवं, जमिनीची किंमत हाय. बयाणा देऊन घरात राहायला गेलास, वर भाडेकरू ठेवलेस आणि उरलेले पैसे मागितले की म्हणणार तो व्यवहार आज्याचा, व्हय? घर वारसानं येतंय तर देणं पण येतंय. मुदतीचा मुद्दा ऑंटारिओ प्रांताच्या सरकारनंच काढलेला, जुलै २०२४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं उडवला. तुझे ते १० अब्ज म्हणजे ह्युरॉनवाल्यांची तडजोड, ती २०२३ लाच झालेली, निम्मे केंद्र निम्मे प्रांत.

खासबाग_पैलवान:
मग मिटलं की. एकदाच चेक द्यायचा, विषय संपला. आपल्याकडं पण असंच पायजे.

शाहूवाडीची_लेक:
चेकनं संपत नाही ओ पैलवान. अमेरिकेत लाकोटा या मूळ लोकांना १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानं ब्लॅक हिल्सचे डोंगर दिलेले, १८७४ ला सोनं दिसलं आणि १८७७ ला काढून घेतले. करारात होतं की जमीन सोडायची तर तीन चतुर्थांश पुरुषांच्या सह्या लागतील, मिळाल्या दहा टक्क्यांच्या आसपास. १९८० ला कोर्टानं व्याजासकट १० कोटींवर डॉलर द्यायला सांगितले. अजून उचललेले नाहीत, डोंगरच पाहिजेत म्हणतात. रक्कम वाढून अब्जाच्या पुढं गेलीय आणि वस्तीत गरिबी तशीच.

मला ते कळतंय कारण आमचं घर धरणात गेलं. आजोबांनी मोबदल्यातले ६५ टक्के परत भरले, जमिनीला जमीन मिळणार म्हणून. दाखवलेला तुकडा माळाचा, कुदळ मारली की खण्ण वाजायची, आणि ताबा घ्यायला गेलो तर दुसऱ्याचा ऊस उभा. तो ऊसवाला वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं, त्याची जमीन लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात, संपादित झालेली आणि त्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. आजोबा गेले, धरणग्रस्तांच्या संकलन यादीत नाव हाय अजून.

खासबाग_पैलवान:
ताई चुकलं माझं.

रंकाळाकाठ_८९:
आमच्या मामांच्या ट्रंकेत पण ६५ टक्क्यांची पावती हाय, घडीवर फाटलीय. काय करू, लॅमिनेशन करून घेऊ?

शाहूवाडीची_लेक:
अजिबात नको दादा! आमच्या एका पावतीची शाई त्यातच गेली. दोन झेरॉक्स काढा, एक घरी, एक पाहुण्यांकडं, आणि मोबाईलमध्ये फोटो. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, साहेबांच्या पण.