मदत हवी आहे: कोविडचा विषाणू थेट किडनीत शिरतो का?

नमस्कार मंडळी. बाबांना 2021 च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला, ऑक्सिजनवर होते. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) 1.0, घरी आले तेव्हा 2.3. अजूनही 1.6 च्या खाली उतरत नाही, लघवीतून प्रोटीनही जातंय. शुगर नाही, बीपीची एकच गोळी.

नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) म्हणतात, "तेव्हा बीपी पडलं, किडनीला रक्त कमी पडलं, त्यातून झालंय." पटतं. पण विषाणू ज्या एसीई-2 रिसेप्टरला धरून पेशीत शिरतो, तो किडनीच्या नलिकांमध्ये भरपूर असतो म्हणे. 2020 मध्ये हॅम्बुर्गच्या डॉक्टरांना शवविच्छेदनात किडनीत विषाणू सापडला. दुसरीकडे कित्येक बायोप्सींमध्ये (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) त्याचा मागमूसही नाही. मग काय धरायचं? नुसता विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) सापडला म्हणजे त्यानेच पेशी मारल्या असं नव्हे, एवढं मलाही कळतं.

नेफ्रॉलॉजी किंवा पॅथॉलॉजीतलं कुणी असेल तर सांगा: नुकसान थेट विषाणूने केलं की रक्त कमी पडल्याने, हा फरक इतक्या काळाने बायोप्सीत दिसेल का? उपचार दोन्हीकडे तेच असतील, तर बाबांना उगाच सुई टोचायला नेणार नाही. काढे कृपया सुचवू नका, मावशीकडून रोज येताहेत.