'फोरक्लोज्ड' घराला मराठीत काय म्हणाल?

टाचण: एका लेखाचा अनुवाद करतेय. कर्ज थकल्यामुळे गेलेली घरं गुंतवणूक म्हणून घ्यावीत का, असा विषय. 'फोरक्लोजर'ला मी 'जप्ती' लिहिलं. संपादकांनी खोडून 'मुदतपूर्व कर्जफेड' केलं. आता अख्ख्या लेखात माणसं कर्ज फेडून रडतायत!

दिवाभीत: संपादक तरी काय करतील? आपल्या बँका 'फोरक्लोजर चार्जेस' लावतात ते आधीच कर्ज फेडणाऱ्याला. पण 'जप्ती'ही नको. जप्ती घरातल्या टीव्हीचीसुद्धा होते. इथे घर मुळातच तारण आहे. 'गहाण बुडालेलं घर' म्हणा.

अडगळ: हिंदी कायदेकोशात 'पुरोबंध' आहे. आपल्याच संस्कृतातला, स्वच्छ.

दिवाभीत: स्वच्छ, पण आत कोण राहणार? शिवाय इंग्रजीतला तो 'फोर' म्हणजे 'आधी' नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून आलाय, अर्थ 'बाहेर ठेवून बंद करणे'. गहाण सोडवून घ्यायचा कर्जदाराचा हक्कच संपतो. 'पुरः' म्हणजे 'पुढे, आधी'; त्याचा इथे काय संबंध?

अडगळ: मग सगळे 'लिलावातलं घर' म्हणतात, ते तरी का चालवता? लिलाव पोर्तुगीज. 'हर्रास' म्हणा, ऱ्हासाशी नातं असणार त्याचं.

दिवाभीत: ऱ्हास! अहो, अरबीतला 'हराज' बघा जरा.

माजघर: तुमचं चालू द्या. आमच्या मामांनी असं घर घेतलं. जप्ती आली दुसऱ्यावर, पण शेजारी अजून मामांनाच 'जप्तीवाले' म्हणतात. मामी आधीपासून म्हणत होती, कुणाच्या तळतळाटाचं घर नको. मामांचं उत्तर ठरलेलं: घर तर गेलंच होतं, मी नाही तर दुसरा.

टाचण: लेखात नेमका हाच युक्तिवाद आहे, आणि मला तो अर्धाच पटतो. चांगली बोली लागली तर कर्ज फिटून उरलेली रक्कम मूळ मालकाची असते. पाडून मागितलं तर ती बुडते, वर काही ठिकाणी राहिलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर. म्हणजे कितीला घेतलं, यालाही नीती आहे. आणि 'डिस्ट्रेस्ड प्रॉपर्टी'ला लेखक सरळ 'संधी' म्हणतो.

माजघर: नडलेल्याचं घर म्हणा की.

खुंटी: भाडेकरू विसरलात सगळे. भाडं वेळेवर देणाराही मालकाच्या थकबाकीपायी रस्त्यावर येतो. अमेरिकेत 2008 च्या संकटानंतर, 2009 साली कायदा करून अशांना निदान 90 दिवसांची नोटीस द्यायला लावली. आणि क्रियापद बघा: बँकेनं घर घेतलं, मामांनीही घर घेतलं. मराठीत दोघं एकाच ओळीत.

माजघर: मामांनी पैसे मोजलेत, हो!

टाचण: शब्द सुचवा कुणीतरी. उद्या मजकूर द्यायचाय.

दिवाभीत: 'गहाण बुडालेलं'. सांगितलं की.

अडगळ: एक शंका. शेतकरी, कामकरी, वारकरी, मग भाडे'करू' का?

दिवाभीत: यात्रेकरू?

अडगळ: अरे हो! त्यावर वेगळा धागा काढतो.