बुद्धिबळात रेटिंगच्या ४०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवलं, तर तो तुक्काच का?

प्यादं_पुढे (कोथरूड):
पुण्यातल्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर हे ऐकू येतं. १५०० रेटिंगच्या (म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या) पोरानं १९०० वाल्याला पाडलं की मागे उभे असलेले म्हणतात, "तुक्का लागला." तेही त्या पोरासमोर! मला हे मुळीच पटत नाही. तीन-चार तासांच्या डावात तुक्का नेमका कुठल्या चालीला लागला, ते दाखवा. २०२३ च्या कतार मास्टर्समध्ये २५१२ च्या अलीशेर सुलेमेनोव्हनं २८३९ च्या मॅग्नस कार्लसनला, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूला, क्लासिकल (लांब वेळेच्या) डावात हरवलं. समोरचा अप्रतिम खेळला, विजय त्याच्याच हक्काचा होता, हे खुद्द कार्लसननं मान्य केलं.

गणिती (सदाशिव पेठ):
तुक्का हा शब्द मलाही आवडत नाही. पण चमत्कार म्हणून मिरवणंही चूक आहे. डाव जिंकला की १ गुण, बरोबरीला अर्धा. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यात रेटिंगमध्ये ४०० चा फरक असेल तर वरच्याची अपेक्षा डावामागे ०.९२ गुण, म्हणजे १०० डावांत खालच्याच्या वाट्याला ८ गुण येणारच. खुल्या स्पर्धांच्या स्विस पद्धतीत पहिल्या फेरीत रेटिंगनुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. मोठी स्पर्धा असली की दोन-चार निकाल उलटतात. उरलेल्या पटांवर अपेक्षेप्रमाणे काय झालं, ते कोणी सांगत नाही.

घोडा_एफ३ (सिंहगड रोड):
गणितीकाका, मी मुलांना शिकवते. ते ८ गुण सगळ्यांना सारखे मिळत नाहीत हो. शिकणाऱ्या मुलाचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे असतं. फिडेलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर १८ वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या मुलांना के (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) ४० असतो आणि मोठ्यांना २०. आता १९०० वाल्याचा हिशेब बघा. जिंकला तर रेटिंगचे १.६ गुण मिळतात, बरोबरी झाली तर ८.४ जातात, हरला तर १८.४. पोराला जिंकल्यावर ३६.८! म्हणून वरचा बरोबरी घ्यायला तयार होत नाही. समसमान स्थितीत ओढून ताणून जिंकायला जातो, त्यात घड्याळ संपत येतं, आणि तिथे डाव फिरतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

गणिती:
ताई, हिशेब बिनचूक. पण मग तो माणूस स्वतःच्या हट्टानं हरला. पोराला श्रेय किती द्यायचं?

प्यादं_पुढे:
सगळं! हट्टानं स्थिती बिघडते, पण ती जिंकायला चाली शोधाव्या लागतात, आणि त्या पोरानंच शोधल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमध्ये आठ वर्षांच्या अश्वथ कौशिकनं ३७ वर्षांच्या ग्रँडमास्टर यात्सेक स्टोपाला हरवलं. ग्रँडमास्टर तुम्हाला डाव फुकट देत नाही, काका. पुढच्या स्पर्धेत अशा पोराची स्कोअरशीट (चालींची नोंद) मागून घ्या, शेवटच्या पंधरा चाली घरी पटावर लावून बघा आणि मग इथे लिहा.