यादवांनी मराठी मोठी केली, हे कशावरून?

गोदातीर :
२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा उगवतोय : "देवगिरीच्या रामदेवरायांनी मराठीला राजाश्रय दिला, म्हणून ज्ञानेश्वरी झाली." खाली किल्ल्याचा फोटो आणि वीसेक जोडलेले हात आणि अंगठे.

माझं म्हणणं, हे साफ चूक आहे. यादवांचा पैसा कुठे गेला ते बघा ना. यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, संस्कृतात. जल्हणाच्या नावावरची 'सूक्तिमुक्तावली' संस्कृतात. यादवांचा प्रधान हेमाद्री याचा अवाढव्य 'चतुर्वर्गचिंतामणी' आणि बोपदेवाचं 'मुग्धबोध' व्याकरण, दोन्ही संस्कृतात. मराठीत जे टिकलं ते दरबाराबाहेर लिहिलं गेलं. नेवाशाला, वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलाने. रिद्धपूरला, म्हाइंभटांनी गावोगाव फिरून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा. आणि त्या चक्रधरांच्या छळामागे हेमाद्रीच होता, असं महानुभाव परंपरा सांगते.

राजाश्रयाचा एक खरा प्रसंग आपल्याकडे आहे, तोही उलटाच. कवी नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवरायाला ऐकवलं. राजा इतका खूश झाला की ओवीमागे एक सोन्याचं नाणं देऊ केलं, अट एवढीच की ग्रंथ त्याच्या नावावर करायचा. नरेंद्राने काय उत्तर दिलं? आमच्या कविकुळाला बोल लागेल. 'स्मृतिस्थळ' या महानुभाव ग्रंथात पुढची हकीकत आहे. ग्रंथ राजाकडेच राहणार हे दिसल्यावर त्याने तो 'शुद्ध करून देतो' म्हणून रात्रीपुरता मागून घेतला आणि तिघा भावांनी मिळून जमेल तेवढ्या ओव्या रातोरात उतरवून काढल्या. सकाळी पोथी राजाला परत. आज आपण वाचतो ती ही घाईत केलेली नक्कल, तीही अपुरी. राजाकडची प्रत कुठे गेली कोण जाणे.

मोडीवाचक :
एवढा आवेश कशाला? ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय शेवटाकडे उघडा :

तेथ यदुवंशविलासु । जो सकळकळानिवासु ।
न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु ॥

ज्ञानदेवांना कोणी नाणी देऊ केली नव्हती, तरी त्यांनी राजाचं नाव घेतलं. का? कारण त्या राज्यात नेवाशाला बसून नऊ हजार ओव्या सांगता येत होत्या आणि त्या उतरवून घेणारा सच्चिदानंदबाबाही भेटत होता. १२९० ची गोष्ट. सहाच वर्षांनी अलाउद्दीन देवगिरीच्या दारात उभा होता. १२९६ नंतर हेच काम कोणी इतकं निवांत केलं असतं का, ते सांगा.

तुमची नरेंद्राची गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे. चक्रवर्ती म्हणवणारा राजा मराठी ग्रंथावर आपलं नाव असावं म्हणून ओवीमागे सोनं मोजायला तयार होतो! म्हणजे १२९२ च्या सुमारास मराठी काव्याची पत केवढी होती? कवडीमोल भाषेसाठी कोणी सोनं मोजत नाही.

गोदातीर :
पत होती हे मान्यच आहे. ती कोणी मिळवून दिली हा प्रश्न आहे. बाजारात भाव आल्यावर गिऱ्हाईक आलं, एवढंच यातून सिद्ध होतं. आणि 'न्यायातें पोषी' वाचताना हेही आठवा की हा न्यायपोषक राजा नटांच्या सोंगात गडावर शिरून, चुलतभाऊ आम्मणाला पकडून गादीवर आला, अशी कथा आहे. आम्मणाला नाचगाण्याचा शौक होता म्हणे.

पाटणादेवी :
दोघेही पुस्तकांवर भांडताय. दगड वाचा. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. वंशावळ, स्तुती, भास्कराचार्यांची थोरवी हे सगळं संस्कृत श्लोकांत. मग शेवटी भाषा बदलते आणि मराठी सुरू होते : या पाटणात जे केणे (माल) विकायला येईल त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं, तेलाच्या घाण्यामागे इतकं तेल मठाला. पंडितांना कळायचं ते संस्कृतात आणि तेल्याला कळायचं ते मराठीत. हे काम दरबारातल्या कवींनी नाही, सामंतांच्या कारकुनांनी केलं, आणि भाषेची लेखी घडण अशाच रुक्ष मजकुरातून होत असते. गधेगाळांवरच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडांवरच्या, आईवरच्या शिव्या मराठीत आहेत त्याही याच कारणाने. शाप समजला नाही तर त्याचा उपयोग काय?

कऱ्हाडी :
पाटणादेवी यांच्याशी सहमत. पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत ठेवायला लावले आणि ब्राह्मण कारकून भरले. दुसऱ्या इब्राहिमाने दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिलं, सुरुवातीलाच सरस्वतीची स्तुती. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचाच, किल्ला निजामशाहीकडून सांभाळणारे जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. कारकुनी हा आश्रय धरायचा तर सुलतानांनाही मराठीचे आश्रयदाते म्हणावं लागेल. म्हणायची तयारी आहे का ग्रुपवर?

आता कडू गोळी. शिवाजी महाराजांच्या पदरचे कवी बघा. परमानंदांचं 'शिवभारत' संस्कृतात, भूषणाचं 'शिवराजभूषण' ब्रजात. संभाजीराजांचं 'बुधभूषण' संस्कृतात. तुकोबा देहूत, दरबारापासून लांबच. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालला त्याचेसुद्धा दरबारी काव्य मराठीत नव्हते.

शिवकाळ :
यात कमीपणा कसला? महाराजांना आपली कीर्ती काशी-आग्र्यापर्यंत न्यायची होती, तिथे मराठी कोण वाचणार? राज्याभिषेकाला गागाभट्ट काशीहून आले ते उगाच नाही. आणि महाराजांनी करवून घेतलेला राजव्यवहारकोश विसरू नका. फारसी शब्दांची खोगीरभरती काढायचं काम कोणत्या राजाने हातात घेतलं होतं त्याआधी?

कऱ्हाडी :
कोशात फारसी शब्दांना प्रतिशब्द दिलेत ते संस्कृत. एवढंच लिहितो, नाहीतर धागा भरकटेल.

आजी_इंदापूर :
तुम्ही सगळे राजे आणि पंडित मोजताय. आमचे चोखोबा कुठे बसवणार? मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला वेठीला धरले, ते कोसळलं आणि त्यात गेले, १३३८ साली. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करत होती. यांच्या अभंगांना आश्रय मिळाला तो टाळकऱ्यांचा. आमच्याकडे आजही काकड्याला म्हणतात ते यांचेच अभंग. हेमाद्रीचा ग्रंथ कोणाच्या देवघरात आहे?

तंजावरी :
तंजावरला कोणीच कसं पोचलं नाही? तिथले भोसले राजे शहाजी (१६८४ ते १७१२) स्वतः मराठीत नाटकं लिहीत, आणि तेलुगूतही. 'लक्ष्मीनारायणकल्याण' त्यांचंच. म्हणजे सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकाच्या दीडशे वर्षं आधी. सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरवला. राजाने भाषा सांभाळली याहून ठळक उदाहरण कुठलं हवं?

गोदातीर :
तंजावर माझ्याच मुद्द्याला बळ देतं. तिथे दरबाराबाहेर मराठी बोलणारे थोडेच, म्हणून राजाने सांभाळली तोवर ती फुलली. १८५५ मध्ये संस्थान खालसा झालं आणि नवी नाटकं लिहिणारे हात थांबले. इकडे देवगिरीचं काय झालं? १३१८ मध्ये शेवटचा राजा हरपालदेव याला मारून यादवांचा शेवट झाला. नामदेव त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं जगले आणि अभंग म्हणत राहिले. राजा गेल्याने त्यांचं काही अडलं नाही.

मोडीवाचक :
नामदेव ज्या देवळासमोर अभंग म्हणत होते त्या पंढरपुरातच चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाला कोणी काय दिलं त्याची मराठीत यादी, आणि देणाऱ्यांत रामदेवरायही आहेत, तुमचे हेमाद्रीपंडितही. टाळकरी उभे राहिले ते याच देवळात, आजी. पंढरपूरला जाल तेव्हा जरूर बघा.