उत्तर: झोपेत किंचाळणारा मुलगा

6 वर्षांचा मुलगा झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठतो, आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी तोंडावर पाणी मारायला सांगितलंय, ते कृपया करू नका. हे वाईट स्वप्न नव्हे. तशी स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात आणि मूल जागं होऊन ती सांगतं. इथे गाढ झोपेतून अर्धवट जाग येते. डोळे टक्क उघडे, पण मेंदूचा बराच भाग झोपलेलाच. गदागदा हलवलं की पोर जास्त बिथरतं. शेजारी बसा, पडू देऊ नका, ओसरलं की आडवं करा. आजींना दृष्ट काढायची तर काढू द्या, मिरचीच्या ठसक्यापलीकडे काही बिघडत नाही.

झोप अपुरी पडली किंवा ताप आला की हे वाढतं. आपल्या नाशकात सकाळच्या शाळेची पोरं रात्री अकरापर्यंत जागी! आधी झोप तासभर वाढवा. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी 15-20 मिनिटं हलकेच जागं करून पुन्हा झोपवा; काही आठवडे केलं की बऱ्याच मुलांना गुण येतो. घोरत असेल तर टॉन्सिल दाखवून घ्या. झोपेत चालतही असेल तर गॅलरीच्या दाराला वरची कडी हवीच.

आजोबा पहाटे झोपेत लाथा झाडतात म्हणालात, ते प्रकरण वेगळं. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या, उतारवयात ती पार्किन्सन्सची (कंपवाताची) आगाऊ खूण असू शकते.