जलरंगात ओला काळा दगड: गडद एका झटक्यात लावता का थर चढवता?

कृष्णाकाठ:
मंडळी, जलरंगवाल्यांना विचारायचंय. सध्या वाई आणि मेणवलीचे घाट रंगवतोय, जागेवर बसून जमेल तेवढं आणि उरलेलं घरी. नोकरी सांभाळून रविवारी करतो, आर्ट स्कूल वगैरे काही नाही. मेणवलीचा चंद्रकोरी घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, पाऊस पडून गेला की तो दगड नुसता काळा राहतच नाही, पायरीच्या सपाट भागावर आभाळ उतरतं आणि उभी बाजू गच्च गडद, म्हणजे जवळजवळ पांढरा आणि जवळजवळ काळा एकमेकांना चिकटून. मला नेमकं तेच हवंय.

आत्तापर्यंत हातात जे बसलंय ते सांगतो. ट्यूबमधला काळा बंद केलाय. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळतो; निळा वाढवला की थंड सावली, सिएना वाढवली की ऊन खाल्लेला दगड, आणि अल्ट्रामरीनचे कण रफ कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो, ब्रशने वेगळं काही करावं लागत नाही. आणि सुरुवात करायच्या आधी पेन्सिलीत छोटं टोनल स्केच, म्हणजे फक्त फिकं-गडद किती ते, तीनच टोन. ते नीट असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी घाट उभा राहतो. हे मला रंगांपेक्षाही महत्त्वाचं वाटायला लागलंय.

आता अडचण. ओला असताना बरोबर वाटलेला गडद वाळल्यावर फिका पडून मधला टोन होतो, आणि वर दुसरा थर दिला की गडद होतो पण मळकट, दगडातला ओलावाच जातो. तुम्ही कसं करता?

ओलाकागद:
एका झटक्यात, आणि पाणी कमी. बहुतेकांचा गडद फिका पडतो तो रंग कमी आणि पाणी जास्त म्हणून. पहिला वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा हात, चहासारखा पातळ, दुसरा दुधासारखा, आणि शेवटचा गडद चक्क सायीसारखा घट्ट, ब्रशला लागला की ओघळला नाही पाहिजे. मी तर पॅलेटवर हवा त्याच्यापेक्षा एक टोन जास्तच काळा करते आणि डोळे मिटून ठेवून देते, वाळल्यावर बरोबर जागेवर येतो. बाजूला त्याच कागदाचा तुकडा ठेवा, त्यावर पट्टा ओढा, वाळू द्या, मग बघा किती उतरतो ते. आणि एकदा ठेवला की परत ब्रश घालायचा नाही, अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये जास्त ओला ब्रश गेला की फ्लॉवरसारखे डाग उमटणारच.

बेसाल्ट:
मी थरवाला आहे त्यामुळे थोडा विरोध नोंदवतो. मळकटपणा थरामुळे येत नाही, कशावर कसला थर देताय त्याच्यामुळे येतो. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचे कोड असतात ते वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, पारदर्शक, पण तो कागदाला घट्ट धरून बसत नाही, वरून ओला ब्रश घासला की खालचा थर उचलला जातो आणि तिथेच चिखल होतो. पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, तो कागदात मुरतो, हलत नाही, त्यामुळे खालच्या थराला तो चांगला. पीडब्ल्यू ६ दिसलं तर त्यात टायटॅनियम व्हाइट आहे, तो अपारदर्शक, असा रंग वर चढवला की काच गेल्यासारखं दिसणार. खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा, हाताच्या पाठीला गार लागत असेल तर आत ओल आहे असं समजा, मग मोठा मऊ ब्रश, एकदाच फिरवायचा आणि हात मागे.

कागद कुठला वापरता ते लिहिलं नाहीत. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार) शंभर टक्के कॉटन असेल तर हे सगळं जमतं, साध्या लाकडी लगद्याच्या कागदावर दुसऱ्या थरालाच पहिला सुटायला लागतो. आणि पावसाळ्यात कागद बंद पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा, दमट हवेत साइझिंग, म्हणजे कागदाला पाणी लगेच पिऊ न देणारा लेप, खराब होतं मग ठिकठिकाणी टिपकागदासारखा रंग पितो.

सावंतवाडीकर:
दोघांचंही पटलं, पण मला वाटतं गडद अजून गडद करायची गरजच नसावी. आमच्या सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर, त्यांचं ते दिवा धरलेल्या बाईचं चित्र, 'ग्लो ऑफ होप', मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येक लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, आहे जलरंगातलं. त्यात प्रकाश चेहऱ्यावर आणि दिव्याआडच्या बोटांतून आलेला, साडी भिंत सगळं खालच्या टोनला दाबलेलं, म्हणून तो दिवा खरंच पेटलेला वाटतो. तुमच्या घाटात पायरीच्या सपाट भागावर कागद कोरा ठेवलाय का? तिथे हलका जरी निळा वॉश गेला असेल तर उभी बाजू कितीही काळी करा, ओली दिसणार नाही. आधी पांढरं राखा.

कृष्णाकाठ:
@सावंतवाडीकर, हो, आभाळाचा वॉश मी पायऱ्यांवरून तसाच खाली आणतो, म्हणजे सपाट भागावर निळा जातोच. ते बघतो. @बेसाल्ट, कागद कॉटनचा आहे पण साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो, आज सिलिका जेल आणतो. @ओलाकागद, पट्ट्या ओढून वाळत ठेवल्यात, अल्ट्रामरीन-सिएनाची आणि शेजारी थॅलो-सिएनाची. थॅलोवाली जास्त काळी वाटतेय पण थोडी हिरवट जातेय, त्यात जरा अ‍ॅलिझरिन, म्हणजे गडद लाल, घातलं तर हिरवट मरेल का जांभळट होईल?

ओलाकागद:
मरेल. अगदी टोकावर येईल एवढंच घाला, आणि सिएना आधी, अ‍ॅलिझरिन शेवटी.